जोडचष्मा

बाबांनी चष्मा घातला की त्यांच्या डाव्या बुबुळावर एक उजळ चौकोन उमटतो. आकाराने तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. लांबून बघणाऱ्याला तो नुसता चमकता ठिपका वाटेल, पण जवळ वाकून बघितलं तर त्यात चित्र हलताना दिसतं. त्यांची मुलगी वाकते तेव्हा त्या चित्रात बाबांचाच डोळा असतो, कारण तिच्या चष्म्यातला कॅमेरा त्या वेळी त्यांच्या डोळ्याकडे बघत असतो. चित्रातल्या त्या डोळ्यातही एक चौकोन असतो. त्याच्या आत काय आहे ते मात्र दिसत नाही. तिथवर कॅमेऱ्याची कुवत पोचत नाही.

"झालं का निरीक्षण?" बाबा म्हणाले. "गाडी काढा आता."

"नाकावर नीट बसलाय ना?"

"मानेखालच्या मंडळींनी मला काही कळवायचं सोडून दिलंय. नाक अजून बोलतं. बसलाय म्हणतंय."

तिनं त्यांच्या उशीची कड सारखी केली आणि स्वतःचा चष्मा नाकावर सरळ केला. आई दारातून म्हणाली, "पूर्वी बस चालवायचे, आता पोरगी चालवतात. डबा घेतलास का?"

बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर होते. नोकरी संपल्यावर थोड्याच काळात ते गच्चीच्या जिन्यावरून घसरले आणि मानेचा मणका गेला. बोलणं, ऐकणं, बघणं आणि टोमणे मारणं शाबूत राहिलं. सुरुवातीला त्यांनी टोमणेही सोडले होते. "मला भिंतीकडे वळवून ठेवा," एवढंच सांगायचे. आई वळवायची. त्या भिंतीवर एक खिळा होता, आणि आयुष्यभर समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता येताना बघितलेला माणूस दिवसभर त्या खिळ्याकडे बघत पडून राहायचा. जेवणाचा घास ओठांशी नेला तर ओठ मिटायचे.

मग इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्टनं चाचणीसाठी आलेला हा जोडचष्मा सुचवला. एक चष्मा हिंडणाऱ्यासाठी, एक पडून असणाऱ्यासाठी. हिंडणाऱ्याच्या चष्म्यातला कॅमेरा जे टिपतो ते पडलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभं राहतं, खोलीची भिंत काढून टाकल्यासारखं. बाबांचा आवाज तिला चष्म्याच्या दांडीतून कानात ऐकू यायचा. त्यांनी चित्रात कुठे नजर रोखून धरली की तिच्या काचेवर तिथे छोटा हिरवा बाण उमटायचा: तिकडे बघ. पहिल्यांदा ती त्यांना घेऊन चौकात गेली तेव्हा बराच वेळ ते नुसत्या गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "सिग्नल सुटला, मने." त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून जेवायला मागितलं. आई स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, रडून आली.

हे सगळं खरं होतं, म्हणूनच पुढचं कुणाला सांगता येत नव्हतं.

चष्म्यात आणखी एक सोय होती. ती नेमकी कुठे बघते आहे हे चष्मा तिच्या बुबुळांवरून ओळखायचा आणि बाबांच्या चित्रात त्या जागी एक पांढरं वर्तुळ दाखवायचा. बसवायला आलेल्या माणसानं ते फार कौतुकानं समजावलं होतं. नुसतं चित्र हललं तर पडलेल्या माणसाला गरगरतं, वर्तुळ असलं की त्याच्या नजरेला खुंटी मिळते. त्यात चूक काही नव्हतं. पण माणसाची नजर एका सेकंदात तीन-चार ठिकाणी उडी मारते आणि त्यातल्या बहुतेक उड्या त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत. तिच्या उड्या बाबांच्या लक्षात यायच्या.

कारखान्याच्या वाटेवर एका इमारतीला पाटी लागली होती, एक खोली भाड्याने देणे आहे. ती त्या पाटीपुढे कधी थांबली नाही, मान वळवून बघितलंही नाही. बाबाही कधी काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी दुसऱ्या शहरातून दादाचा फोन आला.

"घर सोडून निघालीस म्हणे?"

"कोण म्हणे?"

"बाबा. म्हणाले, रोज त्या पाटीवर वर्तुळ टेकतं."

"वाचता येतं म्हणून वाचते."

"अगं, चिडतेस काय? तुझ्यामुळे उभे आहेत ते. म्हणजे आडवे आहेत, पण कळलं ना तुला. मी तिथे असतो तर मीच घातला असता चष्मा."

"तिथे पण रस्ते असतील की. दुसरा चष्मा मागवून देते."

"इथे जरा नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे," दादा म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तेव्हापासून ती नजर हातात धरल्यासारखी चालायला शिकली. झाडं, गाड्यांच्या नंबरप्लेटा, नव्या इमारतींवरच्या क्रेन, रस्त्याची खोदकामं. मुलीनं बघितलं तर बापाला बरं वाटावं असं. पाटीची इमारत आली की ती समोरच्या फूटपाथवरचा विजेचा खांब बघायची. बाबांना खांबात काही रस नव्हता, पण त्यांना खांबाची काळजीही नव्हती.

कॅमेऱ्यावर सरकतं झाकण होतं. ते लावलं की बाबा म्हणायचे, "अंधार झाला." तक्रार म्हणून नव्हे, बोगद्यात शिरताना ड्रायव्हर म्हणेल तसं. उघडलं की, "आला उजेड." स्वच्छतागृहात झाकण जरा जास्त वेळ राहिलं तर कानात प्रश्न यायचा, "पोट बरं आहे ना गं?" माइक झाकणानं बंद होत नसे. त्यामुळे आरशासमोर उभं राहून ती एक वाक्य आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणून बघायची. ते वाक्य घडवायला तिला बरेच महिने लागले होते. ते आता लहान आणि गुळगुळीत झालं होतं. ओठांच्या बाहेर मात्र ते कधी पडलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणायची, "बरं आहे पोट."

ती मखमलीच्या कारखान्यात रंग जुळवते. नाट्यगृहातल्या, बसमधल्या, हॉटेलातल्या खुर्च्यांवर जी मखमल असते ती एकाच दिवशी रंगून निघत नाही; लॉट मागून लॉट येतो आणि प्रत्येक लॉट मूळ नमुन्याशी जुळावा लागतो. रंग मोजायचं मशीन आहे, पण मखमलीला लव असते. लव उलटीकडे झुकली की तोच राखाडी गडद दिसतो, सुलटीकडे झुकली की फिका. मशीन त्यात गोंधळतं. शेवटचा शब्द डोळ्याचा, आणि गेली काही वर्षं तो डोळा तिचा होता. पदवी रसायनशास्त्राची, पण अभिमान या डोळ्याचा. दोन राखाड्यांमधला जो फरक बाकीच्यांना समजावूनही दिसत नसे तो तिला खोलीत शिरतानाच दिसायचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की लाइट बॉक्सच्या दिव्याखाली डावीकडे नमुना ठेवायचा, उजवीकडे लॉटचा तुकडा. बघायचं. मग जागा बदलायच्या. पुन्हा बघायचं. दोन्हीकडून जुळलं तरच सही.

ती चष्मा घालून कामावर येणार म्हणाली तेव्हा बाईंनी आधी तो मागून घेतला, काचेच्या मधोमध प्रकाश सोडून मोजला आणि परत दिला. "काच साधी आहे. रंग खात नाही. घाल."

बाबांना प्रयोगशाळा आवडली. तिथे सगळं उजेडात होतं, आणि रंगवण्याच्या खात्यातले मास्तर लॉट घेऊन आले की गप्पाही ऐकायला मिळत. अडचण फक्त जागा बदलण्याची होती. तिनं दोन तुकड्यांची आलटापालट केली की बाबा म्हणायचे, "पत्ते पिसतेस का? गरगरतं मला." एकदा खरंच उलटी झाली. आडव्या माणसाला उलटी होणं म्हणजे काय असतं ते आईनं नंतर सांगितलं. मान एका बाजूला करून, तोंडात बोटं घालून तिनं त्यांचा श्वास मोकळा केला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आलटापालट सोडली. नमुना डावीकडे, तुकडा उजवीकडे, आणि डोकं शक्य तितकं स्थिर. तिला वाटलं, इतक्या वर्षांच्या सवयीनंतर ती पायरी नसली तरी चालेल. डोळा तोच होता.

त्या वेळी एका मोठ्या नाट्यगृहाचं काम चालू होतं. राखाडी मखमल, निळ्याकडे किंचित झुकणारी. पहिला लॉट जुळला होता, तो चष्म्याच्या आधीचा. पुढचा लॉट तिला हिरवट वाटला.

"मशीन पास म्हणतंय," मास्तर म्हणाले.

"मशीनला लव कळत नाही, मास्तर."

"ते मला माहीत आहे. पण हिरवट म्हणजे किती हिरवट?"

"थोडा. लाल अगदी चिमूटभर द्या."

मास्तरांनी तुकडा खिडकीपाशी नेला, डोळे बारीक केले, परत आणला. "मला दिसत नाही. पण डोळ्याच्या मालकीणबाई तुम्ही." आणि ते गेले.

"डिझेल संपल्यासारखं तोंड झालं बिचाऱ्याचं," बाबा कानात हसले. तीही हसली. चिमूटभर लाल दिल्यावर तो लॉट जुळला. त्यापुढचाही आधी हिरवट निघाला, मग लाल दिल्यावर जुळला. मास्तर नंतर नंतर काही बोलेनासे झाले. लाल आधीच घालून आणू लागले.

नाट्यगृहातून निरोप आला तेव्हा खुर्च्या बसवून झाल्या होत्या. बाई तिला घेऊन गेल्या. पडदा वर होता, सगळे दिवे लावलेले, आणि पडद्यामागच्या दारातून दिवसाचा उजेड आत येत होता. व्यवस्थापक मधल्या वाटेवर उभा होता. "तुम्हीच बघा, मागच्या रांगा पुढच्यांहून लालसर आहेत," म्हणाला. बाई पहिल्या रांगेपासून चालत गेल्या, मध्ये थांबल्या, परत आल्या.

"मला तर सगळं सारखंच दिसतंय," बाबा कानात म्हणाले. "लोकांना काहीतरी खुसपट काढायचं असतं. ती वर गॅलरी आहे ना, तिकडे बघ जरा." काचेवर हिरवा बाण गॅलरीकडे वळला.

ती गॅलरीकडे बघू लागली. मान वळली तशी मधल्या रांगेतली एक खुर्ची तिच्या काचेत एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकली, आणि सरकता सरकता तिचा रंग उतरला. तिनं मान परत फिरवली. रंग परत चढला. तरी तिनं डोकं पुन्हा वर वळवलं. ती गॅलरीकडे बघत राहिली, कारण वर्तुळ तिथे असणं अपेक्षित होतं.

प्रयोगशाळेत परतल्यावर बाईंनी तिला पाठ करून उभं राहायला सांगितलं. कात्रीचा आवाज आला. "वळ आता. जुळतात?"

दिव्याखाली दोन राखाडी तुकडे होते. तिनं नेहमीसारखं डोकं स्थिर केलं. "नाही. उजवीकडचा हिरवट आहे."

बाईंनी जागा बदलल्या. "आता?"

तिनं बघितलं. तिला उत्तर माहीत होतं आणि जे दिसत होतं ते सांगणंही भाग होतं. "उजवीकडचा हिरवट."

"एकाच तुकड्याचे दोन भाग आहेत. आत्ताच कापले मी."

बाबा ऐकत असले की त्यांचा श्वास ऐकू येतो. तो येत होता.

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. लगेच दांडीतून बारीक आवाज आला, "मने, दिव्याकडे तोंड झालंय माझं. डोळे दिपतायत." तिनं आधी चष्मा पालथा केला आणि मग तुकड्यांकडे बघितलं. ते सारखे होते. पण त्यांचा रंग नमुन्यासारखा आहे का, हे तिला सांगता येईना. राखाडी या शब्दाखाली तिच्या डोक्यात जे पक्कं बसलेलं होतं ते जागेवर नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपलाच ओठ चाचपून बघावा तसं तिला वाटलं.

"मधोमध मोजली मी काच," बाई म्हणाल्या. "चित्र दाखवायला आत जे थर असतात ते कडेला रंग फोडतात. एका कडेला गुलाबी, दुसऱ्या कडेला हिरवट. कडा मोजायच्या मला सुचल्या नाहीत. अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी तुझी, आणि ती काचेची नाही. जागा बदलणं का सोडलंस?"

तिनं पालथ्या चष्म्याकडे बघितलं. तो ऐकत होता. "राहून गेलं," ती म्हणाली.

बाईंनी कपाटातून सोंगट्यांचा ट्रे काढला. रंगीत सोंगट्या, एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणाऱ्या. त्या क्रमानं लावायच्या. दरवर्षीची परीक्षा. दरवर्षी ती न चुकता लावायची आणि बाई कंटाळल्याचा आव आणायच्या. आज गुलाबी आणि हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात तिचे हात थांबले. तिनं दोन सोंगट्या उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. बाईंनी ट्रे उलटा करून मागचे आकडे बघितले आणि तिला न दाखवता परत ठेवला.

"डोळा गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूनं काचेची चूक पाठ केलीय, विसरायला वेळ देऊ या. महिना, दीड महिना. पण पूर्ण बंद. नुसतं इथे नाही, रस्त्यावर नाही, घरी नाही. कुठेही नाही."

"आणि नंतर?"

"नंतरचं तू ठरव. रोज घालणार असलीस तर या टेबलावर नको. मशीनवर बस. तेही कामच आहे, पगारात फरक पडणार नाही." मग कपाट बंद करताना, "मला तू मशीनवर नको आहेस, हे आपलं सांगून ठेवते."

ती घरी निघाली तेव्हा चष्मा डबीत होता आणि डबी पिशवीत. बंद करण्यापूर्वी तिनं बाबांना सांगितलं होतं, बंद करते आहे. "हो, ऐकलं सगळं," एवढंच ते म्हणाले होते.

रस्त्यात कानात कोणी बोलत नव्हतं. तिला वाटलं होतं, असं झालं तर आपण हवं ते बघू. चार पावलांवर तिच्या लक्षात आलं की ती नंबरप्लेटा वाचते आहे. मग एक क्रेन. मग खोदलेल्या रस्त्यातला पाइप. पाटीची इमारत आली तेव्हा तिची नजर आपोआप समोरच्या विजेच्या खांबावर गेली. कोणी बघत नसताना ती खांब बघत होती. ती तिथे थांबली आणि मान मुद्दाम, हातानं वळवावी तशी, वळवली. पाटी निघून गेली होती. खिडकीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

घरात शिरताच आईनं तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं. आईचे केस ओले होते. दुपारी बाबा तिच्याबरोबर प्रयोगशाळेत असायचे तेव्हा आई पोहायला शिकायला जायची. तलावाच्या उथळ बाजूला, तिच्याहून निम्म्या वयाच्या मुलींबरोबर. बाबांना ते माहीत होतं. ते तिला पाणबुडी म्हणायचे.

"सांगितलं त्यांनी मला," आई दबक्या आवाजात म्हणाली. "डोळ्यांचं. तुला दिसतंय ना नीट?"

"दिसतंय. रंग तेवढे..."

"मग असं कर. चष्मा बिघडला म्हण. दुरुस्तीला गेलाय. तुझ्या डोळ्यांवर कशाला घेतेस? ते स्वतःला दोष देत बसतील."

"त्यांनी ऐकलंय सगळं, आई."

"ऐकलंय तरी म्हण. माणूस सोयीचं असलं की ऐकलेलं विसरतो." आईनं टॉवेलनं केस खसाखसा पुसले. "महिनाभर मी बघते. पोहणं काय, पाणी कुठे पळून जात नाही. पण एवढं सांगते, तू काढलास की ते मला घालतात. दिवसभर. पाणी दे, खिडकी उघड, खाली कोण ओरडलं बघ, काय दिसलं ते सांग. मी काय काय सांगणार? खिडकीतून दिसतं काय, तर समोरची खिडकी."

"माहीत आहे."

"माहीत आहे, पण पुढे?" आईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. आईकडे वर्तुळ नव्हतं, तरी तिला कळायचं. "महिन्यानंतर घालणार आहेस ना?"

तिनं नजर गॅसकडे वळवली. आईनं गॅसवरचं दूध उतरवलं, जे अजून तापलंही नव्हतं.

"मग ते त्यांना तूच सांग," आई म्हणाली. "मी सांगणार नाही. मला जमणार नाही."

बाबांच्या खोलीत दिवसाचा शेवटचा उजेड होता. त्यांचा चष्मा आईनं काढून ठेवला होता; नाकावर दोन्ही बाजूंना लाल खाचा दिसत होत्या. तिच्याही नाकावर तशाच होत्या. चष्मा नसला की त्यांना फक्त छत दिसायचं आणि त्यांच्यावर जो कोणी वाकेल तो. म्हणून ती खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला बसली.

"या सुपरवायझर," बाबा म्हणाले. "गाडी गॅरेजला लागली म्हणे."

"हो."

"मास्तरांना सॉरी म्हणालीस का? त्यांचं बरोबर होतं."

"उद्या म्हणणार आहे."

"म्हण. चांगला माणूस आहे. मी त्याच्या तोंडावर हसलो, माझ्यातर्फे पण म्हण." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "ते पत्ते पिसण्याचं. माझ्यामुळे सोडलंस ना?"

"बाबा..."

"तिथे बोलली नाहीस. मी ऐकत होतो. राहून गेलं म्हणालीस." छताकडे बघत ते म्हणाले, "मला वाटलं, सांगेल आता. मग वाटलं, बरं झालं नाही सांगितलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. बाबांनी कान दिला. "जागा नाही तिथे. घासणार." घासल्याचा आवाज आला नाही. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"मी सगळा विचार केलाय," ते म्हणाले. आता आवाज हुशारीचा होता, रस्ता बंद असला की दुसरा मार्ग सांगताना लागायचा तसा. "महिना, दीड महिना मी काढतो. तुझी आई आहे, रेडिओ आहे, खिळा आहे. भिंतीकडे वळवा म्हणणार नाही, शब्द देतो. आणि नंतर तू ते मशीनचं घे. बाई म्हणाल्याच ना, पगार तोच. बघ कसं सोयीचं आहे. डोळ्याला ताण नाही, चुकलं तर मशीनचं चुकलं, तुझ्यावर बोट नाही. आणि चष्मा दिवसभर चालू ठेवता येईल. झाकणसुद्धा लावायला नको."

ते इतक्या मायेनं बोलत होते की ती ऐकतच राहिली. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तिची अडचण सोडवली. तिचा डोळा, ज्यावर तिचं सगळं उभं होतं, तो त्यांच्या हिशेबात एक जुनी, त्रास देणारी गोष्ट होती, आणि ती सुटली तर तिलाही हलकं वाटेल असं त्यांना वाटत होतं. "बघू" हा शब्द तिच्या जिभेवर आला. तो शब्द ती रोज वापरायची. त्यानं कुणाला दुखत नसे. बघू म्हटलं की महिना जाईल, दीड महिना जाईल, मग एका सकाळी ती उशीची कड सारखी करेल आणि विचारेल, नाकावर नीट बसलाय ना.

डोळ्यांचं कारण होतंच. बाईंनी आयतं हातात दिलं होतं. तेवढं सांगितलं असतं तरी आजचा दिवस निभावला असता. पण डोळे बरे होणार होते, आणि ते बरे झाल्यावर तिच्याकडे कुठलंच कारण उरणार नव्हतं.

"गप्प का?" बाबा म्हणाले. "अंधार झाला का?"

"नाही. मी इथेच आहे."

ती आणखी वाकली, त्यांना तिचा चेहरा पूर्ण दिसेल इतकी. इतक्या जवळून त्यांच्या डोळ्यांत चौकोन नव्हता, नुसती ती होती, लहान आणि थोडी वाकडी. स्वयंपाकघरातली भांड्यांची हालचाल थांबली होती. तिनं तोंड उघडलं. आरशासमोरचं ते वाक्य या वेळी आवाजासकट बाहेर आलं.

"बाबा, डोळे बरे झाले तरी मी तो चष्मा परत घालणार नाही. मला एकटीनं बघायचं आहे."